गॅस गीझर असलेल्या घरात कार्बन मोनॉक्साइड मॉनिटर: निवड, जागा आणि रोजचा वापर

पाच वर्षांपूर्वी डिसेंबरात माझी भाची नाशिकला आमच्याकडे राहायला आली होती. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी उरकल्या आणि शेवटी ती गेली. गारठा फार म्हणून न्हाणीघराची वरची झडपेची खिडकी आम्हीच पुठ्ठा लावून बंद केली होती. वीस मिनिटं झाली तरी पाण्याचा आवाज चालूच, आणि हाकेला ओ नाही. कडी तोडून दार उघडलं तेव्हा ती फरशीवर पडलेली होती. जवळच्या दवाखान्यात तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा ९८. उपाशीपोटी चक्कर आली असेल, असं म्हणून घरी पाठवण्याची तयारी झाली होती. तेवढ्यात ड्यूटीवरच्या एका तरुण डॉक्टर मुलीने विचारलं, "मावशी, घरी गीझर गॅसचा आहे का?" त्या प्रश्नाने पुढचं सगळं बदललं. ऑक्सिजन लावला, रक्त तपासायला गेलं, भाची बरी झाली.

त्यानंतर मी घरात कार्बन मोनॉक्साइडचा मॉनिटर बसवला, मग बहिणीकडे, मग सोसायटीतल्या सात-आठ घरांत बसवून दिला. सुरुवातीला मीही चुकीच्या जागी लावला होता आणि चुकीचं यंत्र विकत घेतलं होतं. तुमच्याकडून त्याच चुका होऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी शत्रू ओळखा

गॅस, कोळसा, लाकूड, पेट्रोल, डिझेल यातलं काहीही पुरेशा हवेशिवाय जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत. सिलिंडरच्या गॅसचा जो उग्र वास आपण ओळखतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा असतो. तो न जळलेल्या गॅसचा वास. जळून झालेल्या विषारी वायूला तो नसतो. त्यामुळे "वास आला असता की" हे वाक्य इथे कामाचं नाही.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे ते अडीचशे पट घट्ट चिकटतो. रक्त लालच दिसतं, पण शरीराला ऑक्सिजन पोचवत नाही. साधा ऑक्सिमीटर फक्त रंगावरून हिशेब करतो. ऑक्सिजन घेतलेलं रक्त कुठलं आणि कार्बन मोनॉक्साइड घेतलेलं कुठलं, हा फरक त्याला कळत नाही. म्हणून भाचीचा आकडा ९८ होता. कोविडनंतर घरोघरी ऑक्सिमीटर आलेत. या एका बाबतीत त्यावर विसंबू नका.

आता न्हाणीघराचा हिशेब करू. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला गीझरला साधारण १०-११ किलोवॉट उष्णता द्यावी लागते. वाया जाणारी धरली तर १३ किलोवॉट. म्हणजे स्वयंपाकाच्या शेगडीचे चार-पाच मोठे बर्नर एकदम पेटवल्यासारखं. त्याला दर मिनिटाला जवळपास २०० लिटर हवा लागते. पाच बाय सात फुटांचं, आठ फूट उंच न्हाणीघर घेतलं तर त्यात सगळी मिळून आठ हजार लिटर हवा. दार-खिडकी बंद करून दहा मिनिटं गीझर चालला की त्यातल्या पाव भागातला ऑक्सिजन संपलेला असतो. ऑक्सिजन कमी झाला की ज्योत अर्धवट जळते, अर्धवट जळली की कार्बन मोनॉक्साइड वाढतो. पहिल्या माणसाला काही होत नाही आणि तिसरा पडतो, ते यामुळे. भारतीय मेंदूविकारतज्ज्ञ याला 'गॅस गीझर सिंड्रोम' म्हणतात. आंघोळीत अचानक बेशुद्ध पडलेले किंवा झटका आलेले कित्येक रुग्ण आधी मिरगीचे समजले गेले होते.

गीझर नसलेल्या घरातही धोका असतोच. बंद खोलीत ठेवलेली कोळशाची शेगडी, बंब, पडवीत लावलेला जनरेटर, बंद गॅरेजमध्ये चालू ठेवलेली गाडी, तंबूत ओढून घेतलेली बार्बेक्यूची शेगडी. कोळशाचा धूर संपून लाल निखारे उरले की आपल्याला वाटतं आता निर्धास्त, पण हा वायू तेव्हाच भरपूर निघत असतो आणि कित्येक तास निघत राहतो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळचे आठ पर्यटक हॉटेलच्या एकाच खोलीत मृत्युमुखी पडले. त्यात चार लहान मुलं होती. थंडी म्हणून रात्रभर गॅसचा हीटर लावला होता आणि खोली बंद होती.

कोणतं यंत्र घ्यायचं

माझी पहिली चूक इथे झाली. मी 'गॅस डिटेक्टर' मागवला आणि आला तो एलपीजी गळतीचा. तो वेगळा, कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा. धुराचा अलार्म तिसराच. हवेची गुणवत्ता दाखवणारे जे देखणे मॉनिटर मिळतात, ते बहुतेक वेळा कार्बन डायऑक्साइड मोजतात. CO आणि CO2 या लघुरूपांत फक्त शेवटच्या दोनचा फरक दिसतो, पण त्या यंत्राच्या आकड्यावरून या विषाबद्दल काहीही कळत नाही. खोक्यावर आणि माहितीपत्रकात 'कार्बन मोनॉक्साइड' असा स्पष्ट उल्लेख आहे का, ते आधी पाहा.

दुसरं, मानक. युरोपचं ईएन ५०२९१-१ हे घरांसाठीचं. त्याच क्रमांकाचा '-२' भाग मोटारघरं आणि बोटींसाठी असतो. अमेरिकेचं मानक यूएल २०३४. यातलं एक यंत्राच्या अंगावर छापलेलं हवं. नुसत्या 'सीई' अक्षरांवर समाधान मानू नका. फार स्वस्त, कसलंही मानक नसलेलं यंत्र घेण्यापेक्षा महिनाभर थांबून बरं घ्या. सेन्सर, म्हणजे वायू ओळखणारा आतला भाग, 'इलेक्ट्रोकेमिकल' प्रकारचा असावा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: पडद्यावर आकडा दिसला पाहिजे. हा आकडा पीपीएममध्ये असतो, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग कार्बन मोनॉक्साइड. नुसते ओरडणारे अलार्म कधी वाजतात ते बघा. ईएन मानकाचं यंत्र ५० पीपीएमला ६० ते ९० मिनिटांनी, १०० ला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० ला तीन मिनिटांच्या आत वाजतं. ३० पीपीएमवर ते पहिले दोन तास वाजायलाच नको, असं मानकच सांगतं. यूएलचं यंत्र ७० पीपीएमला एक ते चार तासांत, १५० ला १० ते ५० मिनिटांत, ४०० ला ४ ते १५ मिनिटांत वाजतं. हे आकडे निरोगी मोठ्या माणसाचा जीव वाचवण्यासाठी ठरवलेले आहेत. घरात गरोदर बाई असेल, तान्हं बाळ असेल, हृदयविकाराचं माणूस असेल, तर 'वाजलं नाही म्हणजे ठीक' हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या मार्गदर्शनाप्रमाणे घरातल्या हवेत आठ तासांची सरासरी सुमारे ९ पीपीएमच्या वर जाऊ नये आणि एका तासाची सुमारे ३० च्या वर.

काही यंत्रं ३० च्या आत पडद्यावर शून्यच दाखवतात, म्हणून किती पीपीएमपासून आकडा दिसतो तेही वाचा. आतापर्यंतचा सर्वाधिक आकडा साठवणारं 'पीक' बटण असेल तर फार उपयोग होतो. सकाळच्या धांदलीत पडद्याकडे कोण बघतं? संध्याकाळी बटण दाबलं की कळतं. बॅटरीवर चालणारं घ्या, किंवा प्लगचं घेतलंत तर आत बॅटरी असलेलं. वीज गेल्यावरच लोक जनरेटर लावतात आणि मेणबत्त्या-शेगड्या बाहेर काढतात. नेमकं तेव्हाच यंत्र मुकं नको.

कुठे लावायचं

न्हाणीघरात लावू नका. माझी दुसरी चूक हीच होती. वाफेने सेन्सर बिघडतो, उलटसुलट आकडे देतो आणि लवकर मरतो. जागा न्हाणीघराच्या दाराबाहेर, पॅसेजमध्ये. दार बंद असताना आतला वायू फटीतून बाहेर यायला वेळ लागतो, म्हणून दाराला खाली जाळी किंवा पट्ट्यांची झडप बसवून घ्या. ती तशीही हवीच, आत हवा जायला. पण हे मान्य करा की आत आंघोळ करणाऱ्या माणसाला बाहेरचा मॉनिटर पूर्ण वाचवू शकत नाही. गॅस गीझरची योग्य जागा उघड्या गॅलरीत किंवा बाहेरच्या भिंतीवर, आणि तिथून गरम पाण्याची पाइप आत. आम्ही पहिल्याच आठवड्यात तेवढं करून घेतलं. प्लंबरचं एका दिवसाचं काम होतं. ज्यांना ते जमत नाही त्यांनी बादली आधी भरावी, गीझर बंद करावा, दार पाच मिनिटं उघडं ठेवावं आणि मग आंघोळीला जावं.

एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून त्याचा अलार्म जमिनीलगत असतो. कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचित हलका आणि हवेत सगळीकडे मिसळणारा. गरम हवेबरोबर तो वर चढतो. म्हणून ज्या खोलीत जळणारं साधन आहे तिथे यंत्र भिंतीवर उंच लावा: दार-खिडकीच्या वरच्या कडेच्याही वर, पण छतापासून निदान १५ सेंटिमीटर खाली. छतावरच लावायचं असेल तर भिंतीपासून ३० सेंटिमीटर आत. साधनापासून आडवं अंतर एक ते तीन मीटर. अगदी शेगडीच्या डोक्यावर नको.

झोपायच्या खोलीत हिशेब वेगळा. तिथे यंत्र नाकाच्या उंचीला हवं, म्हणजे झोपलेल्या माणसाच्या श्वासाच्या पातळीवर. पलंग असेल तर त्याच्या बाजूच्या टेबलाएवढं उंच, गादी जमिनीवर असेल तर त्याहून खाली. एकच यंत्र परवडत असेल तर ते झोपायच्या खोल्यांच्या दारांजवळ लावा. जागा माणूस डोकं दुखतंय म्हणून बाहेर तरी येतो, झोपलेला येत नाही.

कुठे टाळायचं? पडद्यामागे, कपाटात, सोफ्याच्या आड, पंख्याच्या किंवा एसीच्या झोतात, उघड्या खिडकीला लागून. आणि इन्व्हर्टरजवळ मुळीच नाही. चार्ज होताना लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि या सेन्सरला तो कार्बन मोनॉक्साइडसारखाच भासतो. सोसायटीतल्या एका घरी रोज रात्री लोडशेडिंगनंतर यंत्र बोंबलायचं, सगळं तपासून झालं, शेवटी कारण इन्व्हर्टर निघालं. यंत्र दुसऱ्या भिंतीवर नेलं आणि गप्प झालं. सॅनिटायझर, थिनर, ताजा ऑइलपेंट यांनीही आकडा फसतो. दिवाळीआधी रंगकाम काढलंत तर यंत्र तेवढे दिवस दुसऱ्या खोलीत हलवा आणि परत लावायची आठवण फडताळावर चिकटवून ठेवा. देवघरात धूप घालताना आकडा वर गेला तर तो मात्र फसवा नाही. ते निखारेच आहेत.

बसवणं आणि पहिला आठवडा

बसवायला अर्धा तास पुरे. बॅटरीची पट्टी ओढा आणि यंत्र आधी उघड्या गॅलरीत नेऊन चालू करा. काही मिनिटांत आकडा शून्यावर स्थिरावला पाहिजे. मग टेस्टचं बटण दाबा. आवाज कानठळ्या बसवणारा असतो, आजी-आजोबांना आधी सांगून ठेवा. घरातल्या प्रत्येकाला तो आवाज एकदा ऐकवाच, मुलांनाही आणि कामाला येणाऱ्या ताईंनाही. बेडरूमचं दार लावून आतून ऐकू येतो का तेही बघा. पट्टी भिंतीवर ठेवून पेन्सिलने खुणा करा, ड्रिल मारा, भोकात रावल प्लग घालून स्क्रू पिळा आणि यंत्र अडकवा. भिंत पोखरल्यावर उडालेली धूळ बसेपर्यंत यंत्र लांब ठेवा. भाड्याच्या घरात भोक चालत नसेल तर स्थिर शेल्फवर उभं ठेवलं तरी चालतं, फक्त जागा वर सांगितलेलीच. मागच्या बाजूला मार्करने बसवल्याची तारीख लिहा.

मग आठवडाभर एक कागद शेजारी लावा: वेळ, काय पेटलं होतं, खिडकी उघडी की बंद, आकडा. हा कंटाळवाणा भाग वगळू नका, खरा फायदा याचाच. आमच्याकडे गीझर अजून आत होता तेव्हा पहिल्या आंघोळीनंतर पॅसेजमध्ये ६, दुसऱ्यानंतर १९, तिसऱ्यानंतर ३८ असे आकडे आले. यंत्र एकदाही वाजलं नाही. गीझर बाहेर नेल्यापासून शून्य. बहिणीच्या घरी स्वयंपाकघरात दोन बर्नर आणि ओव्हन चालू असताना १४ दिसला. तिथे चिमणी होती, पण डक्ट नसलेली. अशी चिमणी हवा गाळून परत खोलीतच सोडते. तेल आणि वास अडतो, हा वायू अडत नाही. खिडकी चार बोटं उघडी ठेवायला सुरुवात केल्यावर आकडा खाली आला.

मी आकड्यांकडे असं बघते. सतत शून्य ते ५, ठीक. ९ च्या वर तासन्‌तास राहत असेल तर कारण शोधायचंच: बर्नर काजळलाय का, ज्योत निळ्याऐवजी पिवळी आहे का, भांड्यांची बुडं काळी होतात का, हवा कुठून येते. ३० च्या वर गेला तर साधन बंद, खिडक्या उघड्या, आणि दुरुस्ती होईपर्यंत ते साधन परत पेटवायचं नाही. ७० च्या वर, किंवा कुठलाही आकडा असताना कुणाचं डोकं दुखत असेल, मळमळत असेल, तर घराबाहेर. त्यापलीकडे वेळ फार थोडा असतो: ८०० पीपीएमला पाऊण तासात भोवळ आणि उलट्या, दोन तासांत बेशुद्धी. १६०० ला तासाभरात मृत्यू.

वाजला तर

कारण शोधत बसू नका. सगळ्यांना उठवा, नावं घेऊन मोजा आणि बाहेर मोकळ्यावर या. वाटेत रेग्युलेटर बंद करता आला किंवा खिडकी ढकलता आली तर उत्तम, पण त्यासाठी मागे फिरू नका. गॅसचाही वास येत असेल तर विजेच्या बटणांना हात लावू नका. बाहेर आल्यावर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा. एलपीजी गळतीची तक्रार १९०६ वर. खिडक्या उघडल्या, आवाज बंद झाला, चला आत, असं करू नका. आवाज हवा आल्यामुळे थांबलेला असतो, कारण तिथेच असतं.

न्हाणीघरात कुणी ओ देत नसेल तर बाहेरून सिलिंडर बंद करा, दार तोडा, माणसाला ओढून लगेच मोकळ्या हवेत आणा. वाचवायला गेलेला माणूस तिथेच रेंगाळला तर तोही पडतो. तोंडाला रुमाल किंवा मास्क बांधून हा वायू अडत नाही. श्वास चालत नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा. न्हाणीघराला बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल अशी कडी बसवून घ्या. आमच्याकडे ती नव्हती, त्यात तीन-चार मिनिटं गेली.

दवाखान्यात स्वतःहून सांगा: "गॅस गीझर चालू होता, कार्बन मोनॉक्साइडची शंका आहे." रक्तातलं कार्बोक्सीहिमोग्लोबिन तपासायची विनंती करा. साध्या हवेत ते निम्मं व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तासा-दीड तासात निम्मं होतं. म्हणून 'आता बरं वाटतंय' म्हणून घरी थांबू नका. गरोदर बाईला आणि बाळाला तर काहीच त्रास दिसत नसला तरी न्या, कारण गर्भाच्या रक्ताला हा वायू आईपेक्षाही घट्ट धरतो. पुढचे काही आठवडे विसरभोळेपणा, चालताना तोल जाणं किंवा स्वभावात बदल दिसला तर परत डॉक्टरांकडे जा. मेंदूवरचा परिणाम कधी कधी उशिरा दिसतो. घरातल्या सगळ्यांचं एकाच वेळी डोकं दुखतंय, ताप कुणालाच नाही आणि बाहेर गेलं की बरं वाटतं, असं असेल तर ती सर्दी नव्हे.

बाळंतिणीची खोली

याबद्दल वेगळं लिहायलाच हवं. आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला शेक द्यायचा, धुरी द्यायची, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवायची आणि वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या लावून घ्यायच्या. आजीची माया त्यात खरी असते, म्हणूनच तिला तोडून बोलवत नाही. पण ज्या खोलीत घरातलं सगळ्यात नाजूक फुप्फुस आहे तीच खोली आपण बंद करून निखाऱ्यांनी भरतो. माझ्या चुलत सुनेच्या वेळी मी वाद घातला नाही. खोलीत मॉनिटर ठेवला आणि आत्याबाईंना म्हटलं, "आत्या, हा आकडा शून्यच राहू दे, बाकी तुमच्या मनासारखं करा." शेगडी आत आली आणि दहा मिनिटांत ४१ झाला. त्यांनी स्वतःच ती बाहेर नेली. पुढे खोली आधी तापवून, निखारे बाहेर काढून, हवा खेळवून मग बाळाला आत न्यायचं ठरलं, आणि शेकायला कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी.

देखभाल

महिन्यातून एकदा टेस्टचं बटण. पण हे बटण बॅटरी, भोंगा आणि सर्किट तपासतं, सेन्सर नव्हे. म्हणून मुदत संपलेलं यंत्र बटणाला छान वाजतं आणि विषाला वाजत नाही. सेन्सरचं आयुष्य बहुधा पाच ते दहा वर्षं, ते यंत्रावर छापलेलं असतं. अर्ध्या-एक मिनिटाने एकदाच येणारा बारीक 'टिक' हा अलार्म नाही. बॅटरी संपत आली किंवा सेन्सरची मुदत भरली असा त्याचा अर्थ. कोणता, ते पडद्यावर किंवा पुस्तिकेत कळेल. बॅटरी काढून रिमोटला लावायचा मोह घरातल्या कुणालाच होऊ देऊ नका. धूळ कोरड्या फडक्याने पुसा, फवारा मारू नका. कोकणात पावसाळ्यात दमट भिंतीवरून यंत्र कोरड्या भिंतीवर हलवलेलं बरं.

परदेशात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलांनाही हे विचारा. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून, गॅसची स्वयंपाकाची शेगडी सोडून इतर जळणारं पक्कं साधन असलेल्या खोलीत असा अलार्म बसवणं घरमालकाला बंधनकारक आहे. तो आहे का आणि मुदत किती उरली आहे, हे व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगता येतं. अमेरिकेत फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात टेक्सासची वीज गेली तेव्हा लोकांनी घरात कोळसा पेटवला, गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवली, आणि शेकडोंना विषबाधा झाली. जनरेटर घरापासून निदान वीस फूट लांब हवा, खिडकीखाली किंवा पडवीत नाही.

आमच्या यंत्राच्या पाठीवरची तारीख जानेवारीतली आहे. त्यामुळे दरवर्षी संक्रांतीला मी ते खाली उतरवते, तारीख बघते, बॅटऱ्या बदलते आणि त्याच दिवशी गीझरचा बर्नर साफ करायला माणूस बोलावते. भाची आता पुण्यात राहते. तिच्या खोलीतल्या यंत्राच्या बॅटऱ्याही त्याच पाकिटातून जातात.